मुखपट्टीच्या कडा

हुबळीच्या बेंगेरी भागात राष्ट्रध्वज शिवले जातात, हे आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. १९५७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या तेथील केंद्राला २००६ साली भारतीय मानक संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. ध्वजाच्या मानकाचा क्रमांक एक आहे. स्वतंत्र भारताने वस्तूंची मापे ठरविताना पहिला क्रमांक ध्वजाला द्यावा, याचे आम्हांला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. वीण, रंग, लांबी-रुंदीचे प्रमाण, इतकेच काय पण टाकेसुद्धा तपासले जातात आणि दोष आढळला तर सगळा माल नाकारला जातो. कापडाच्या तुकड्याविषयी एवढी कसोशी बाळगणारे हे जुळे शहर आहे. म्हणूनच कापडाच्याच आणखी एका तुकड्याचा प्रश्न आम्ही या शहराच्या निमित्ताने मांडत आहोत. तो तुकडा म्हणजे तोंडावरची मुखपट्टी.

साथीच्या वर्षांत मुखपट्टीवर पुष्कळ बोलले गेले. ती लावावी की न लावावी, यावर वाद झाले, दंड झाले, विनोदही झाले. मात्र लावलेली मुखपट्टी चेहऱ्याला कडेकडेने चिकटते की नाही, हा खरा कळीचा प्रश्न बाजूलाच राहिला. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. गालाशी बोटभर फट असली, तर श्वास दाट कापडातून कशाला जाईल? तो फटीतूनच जाणार. चष्मा घालणाऱ्याला याचा पुरावा जागेवरच मिळतो. काचा धुकटल्या की नाकाशी वाट मोकळी आहे, असे खुशाल समजावे. आणि विपर्यास असा की, गाळणी जितकी दाट तितकी फटीतली गळती अधिक. महाग पट्टी सैल बांधणे म्हणजे भक्कम कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवण्यासारखेच.

मानके लिहिणाऱ्यांनी हे जाणले आहे. श्वसनरक्षक मुखपट्ट्यांसाठी आपल्याकडे ९४७३ क्रमांकाचे मानक आहे. त्यातील मधल्या दर्जाच्या पट्टीची गाळणी ९४ टक्के कण अडविणारी असावी लागते. आणि चेहऱ्यावर चढविल्यानंतर आत येणारी एकूण गळती सरासरी ८ टक्क्यांच्या वर जाऊ नये, अशी वेगळी अट आहे. पेटीवर ठळक छापला जातो तो पहिला आकडा. दुसरा आकडा प्रयोगशाळेतील काही मोजक्या चेहऱ्यांवर ठरतो, आणि आपला चेहरा त्यांत होता की नाही, हे कोणीच सांगत नाही.

धारवाड जिल्ह्याला साथ नवी नाही. १८९८ साली प्लेगने हुबळीत थैमान घातले, तेव्हा डॉ. ल्यूमन यांनी सुमारे पन्नास हजार वस्तीच्या त्या गावात ३८ हजारांच्या वर लोकांना हाफकिन यांची लस टोचली. त्या प्लेगात पिसवा हे मुख्य कारण होते. मुखपट्टीचा तेथे फारसा संबंध नव्हता. तो आला १९१०-११ च्या हिवाळ्यात, मांचुरियात, फुफ्फुसांच्या प्लेगाबरोबर. वू लिएन-तेह या तरुण डॉक्टराने जाळीदार कापडाच्या घड्यांत कापूस घालून, डोक्यामागे घट्ट बांधावयाची पट्टी पुढे आणली. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टराने ती नाकारून रुग्ण तपासले आणि तो थोड्याच दिवसांत प्लेगने मृत्यू पावला. वू यांच्या पट्टीचे बंद डोक्यामागे जात. आजची स्वस्त पट्टी कानांवर लटकते. शंभर वर्षांत आपण सोय कमावली आणि घट्टपणा गमावला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

लस आल्यावर हा विचार संपला, असे मानणाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ आठवावा. धारवाडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी व कर्मचारी मिळून अडीचशेहून अधिक जण बाधित निघाले. त्यांतील बहुतेकांनी लस घेतलेली होती.

उपाय महाग नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध केले. साधी शस्त्रक्रियेची पट्टी नुसती लावली, तर कृत्रिम खोकल्यातील निम्म्याच्या आसपासच कण अडले. तिच्याच कानदोऱ्यांना कडेशी गाठ मारून बाजूच्या चुण्या आत दुमडल्या, तेव्हा ७७ टक्के अडले. वरून कापडी पट्टी बांधली, तेव्हा त्याहूनही अधिक. एका गाठीला पैसा पडत नाही. नाकावरची तार एका हाताने चिमटू नये, दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या बाजूंवर दाबीत बसवावी. घट्ट बसणाऱ्या पट्टीखाली दाढीचे खुंटही वाट करून देतात. (श्रद्धेने दाढी राखणाऱ्यास वस्तरा दाखवू नये, त्याच्यासाठी डोक्यावरून घालण्याची, हवा पुरविणारी साधने आहेत.)

पण हा विषय केवळ साथीचा नाही. हुबळी ही कापसाची पेठ. सरकी काढताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस जडतो. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग कळविणे बंधनकारक केले होते. तरीही पदराचे टोक किंवा रुमाल तोंडाला बांधून अशा धुळीत उभे राहणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आमच्या गोव्यातील खाणींच्या वाटेवरही तेच दृश्य. मालकाने पट्टी दिली, वहीत नोंद केली, की त्याचे काम संपले असे समजले जाते.

ते तेथे संपू नये, असे आमचे मत आहे. पट्टी घालून, डोक्यावर टोप चढवून, आत गोड वा कडू द्रावणाचा फवारा मारावा. चव लागली तर पट्टी गळते. ही साधी चाचणी जगात रूढ आहे आणि तिला काही मिनिटे पुरतात. हुबळी-धारवाडच्या व गोव्याच्या प्रत्येक इस्पितळाने परिचारिकेला, वॉर्डबॉयला आणि झाडूवालीला कामावर घेताना ही चाचणी करावी. खरेदीच्या निविदेत एकच माप मागू नये, निदान तीन मागावी. बायकांचे चेहरे लहान असतात, आणि इस्पितळांत शुश्रूषेचा बहुतांश भार त्याच वाहतात. जिनिंग कारखान्यांत व खाणींवर धूळ जागेवरच शोषून घेणारी यंत्रे प्रथम बसवावीत, पट्टी त्यानंतर. आणि ती दिल्याची नोंद करताना चाचणीचा दिनांकही त्याच ओळीत लिहिण्याची सक्ती दोन्ही राज्यांच्या कारखाना निरीक्षकांनी करावी.