कोटेशनमध्ये एक ओळ कमी आहे

लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्या सर्व स्टुडिओवाल्यांना आणि एडिटर मंडळींना उघड पत्रक

गेल्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयाने माझा फोटो फ्लेक्सवर लावला. पाठवणीचा फोटो. नवरी मागे वळून बघतेय आणि आईचा हात तिच्या खांद्यावरून सुटतोय. मला विचारलं नाही, वर कोपऱ्यातलं माझं नाव कापलं. मी तडक मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने शांतपणे मोबाइल काढला, त्याच्याच कार्यालयात मी शूट केलेला एक हायलाइट लावला आणि विचारलं, "यातलं गाणं कुणाचं, साहेब?"

मी चहा न घेता परत आलो. मंडळी, तोच प्रश्न आता तुमच्यासमोर ठेवतो, कारण तो एकट्या माझा नाही.

आपलं कोटेशन काढून बघा. दोन कॅमेरे, कँडिड, ड्रोन, एलईडी वॉल, करिझ्मा अल्बम, टीझर, हायलाइट, पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हच्या लाकडी डबीचेसुद्धा पैसे आपण लावतो. पण ज्याच्या ठोक्यावर एडिटर कट मारतो, ज्याच्यामुळे साध्या फोटोंचा स्लाइड शो बघताना मुलीचा बाप डोळे पुसतो, त्या गाण्याची ओळ कोटेशनमध्ये नाही. व्हीएचएसच्या काळापासून नाही. तेव्हा कॅसेट पार्टीच्या कपाटात पडून असायची, पाहुणे आले की लागायची. आज तोच व्हिडिओ आपल्या पेजवर, आपल्या लोगोखाली, पुढची ऑर्डर मिळवण्यासाठी फिरतो. ही जाहिरात झाली. दुसऱ्याच्या गाण्यावर केलेली आपली जाहिरात.

सबबी आपल्याकडे भरपूर आहेत. सध्या सगळ्यात लाडकी म्हणजे, "सरकारने लग्नात गाणी फुकट केलीत." हे अर्धवट वाचन आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक समारंभात गाणं वाजवायला सूट आहे आणि वरात व लग्नाचे इतर सोहळे त्यात धरले आहेत. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने नोटीस काढून याचीच आठवण दिली. त्यापाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढलं, तर ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. म्हणजे वाजवण्यावरूनच एवढी ओढाताण आहे. आपला तर तो प्रश्नच नाही. हळदीला डीजेने गाणं वाजवणं वेगळं, आणि तेच गाणं डाउनलोड करून महिन्याभराने टाइमलाइनवर बसवून पैसे घेऊन विकणं वेगळं. त्या सुटीत आपला व्हिडिओ बसत नाही.

तीस सेकंदांपर्यंत चालतं म्हणे. कायद्यात असे सेकंद कुठेही लिहिलेले नाहीत. शेवटी गायकाचं नाव टाकतो म्हणे. मग त्या मंगल कार्यालयाने फ्लेक्सवर माझं नाव ठेवलं असतं, तर मी गप्प बसलो असतो का? ॲपची महिन्याची वर्गणी भरतो म्हणे. ती ऐकण्याची आहे, विकण्याची नाही.

"कंपन्यांना काय कमी आहे?" ही सबब मात्र नीट बघू. २०१२ साली हा कायदा बदलला. जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. सिनेमाचं गाणं चित्रपटगृहाबाहेर वापरलं गेलं, तर रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा समान वाटा, आणि तो हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. म्हणजे आपण बुडवतो ते फक्त शेठजीचे पैसे नाहीत. शिवाय एका गाण्यात हक्क दोन: शब्द-चालीचा एक आणि रेकॉर्डिंगचा दुसरा. रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर साठ वर्षं, शब्द-चालीचा कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. "जुनं गाणं आहे, कोण विचारतंय" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडावा.

आणि आता आपलंच दुखणं. याच कायद्याचं कलम १७ वाचलंय कुणी? पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे पाठवणीच्या त्या फोटोवर कायद्याने माझ्याआधी मुलीच्या वडिलांचा हक्क होता. मी करार केलाच नव्हता. तुमच्यापैकी किती जण करतात? मॅनेजरला यातलं काही ठाऊक नव्हतं, नाहीतर त्याने मला दारातूनच परत पाठवलं असतं. ज्यांचे स्वतःचे हक्क बिनकागदी आहेत, त्यांनी दुसऱ्याचे कागद फाडत बसू नये.

कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिला आहे. त्याची भीती घालत नाही. तालुक्याच्या स्टुडिओवर कुणी धाड घालायला येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. खरी फजिती दुसरीच. मी अपलोड केलेल्या एका लग्नाच्या व्हिडिओचा आवाज यूट्यूबने बंद केला. न्यू जर्सीत बसलेल्या मुलीच्या आत्याने सप्तपदी मुकी पाहिली. मंगलाष्टकंही गेली, कारण मी त्याच पट्टीवर खाली गाणं सोडलं होतं. पार्टीने उरलेली रक्कम आजतागायत दिलेली नाही आणि मागायला मला तोंड नाही.

संगीत कंपन्यांनाही सोडत नाही. एका लग्नाच्या व्हिडिओसाठी रीतसर परवाना मागितला, तर एका कंपनीने उत्तर दिलं नाही आणि दुसरीने टीव्ही जाहिरातीचा फॉर्म पाठवला. ऑस्ट्रेलियात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना मिळतो. इथे दोन हजारांचा टीझर करणाऱ्याला परवडेल अशी खिडकी उघडा, मग चोर म्हणा. ही मागणी आपण एकत्र येऊन करायला हवी. पण चोरलेली गाणी टाइमलाइनवर ठेवून ती करता येणार नाही.

तोवर काय वापरायचं? यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी फुकट आहे, वर्गणीवर परवान्यासह मिळणारं संगीतही आहे. ते ऐकून सगळी लग्नं एकाच हॉटेलच्या लॉबीत लागल्यासारखी वाटतात, हे कबूल. म्हणून मी दुसरीकडे वळलो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. त्यांचं 'सौभद्र' १८८२ चं, आणि आहे कशावर? सुभद्रेच्या लग्नावर. त्यातली पदं आज कुणाच्याही मालकीची नाहीत. मात्र जुनी तबकडी उचलायची नाही. गावातल्या गाणाऱ्या बाईंना बोलवा, पेटीवाल्याला बोलवा, मानधन द्या आणि वापराची परवानगी लिहून घ्या. सनईवाला तर मांडवात आपल्या शेजारीच बसलेला असतो. त्याच्यासमोर माइक ठेवायचं आपल्याला सुचत नाही.

मागच्या महिन्यात एका घरी घाणा भरताना नवरदेवाची आजी गात होती. आवाज फाटका, मध्येच खोकला. एडिटर म्हणाला, काढून टाकू, वर गाणं बसवू. मी ठेवायला लावलं. त्या घरातून मला आणखी दोन ऑर्डरी आल्या. दोघांनीही आधी विचारलं, "आमच्या आजीचं पण घ्याल ना?"

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होईल. माझ्या कोटेशनमध्ये ड्रोनच्या खाली आता एक ओळ वाढली आहे: संगीत, परवाना आणि कलाकार मानधन. पार्टी भाव करते, मी ड्रोनमध्ये कमी करतो.

या पत्रकाची झेरॉक्स काढायला, व्हॉट्सॲपवर फिरवायला माझी परवानगी आहे. तुम्ही विचारलं नसतंच, म्हणून आधीच देऊन ठेवतो.

तुमच्यातलाच एक स्टुडिओवाला