पारावरच्या गप्पा : दहाव्या फेरीतली पोरं



पेरण्या उरकल्या, शाळा सुरू झाल्या, की तालुक्याच्या कबड्डी-खोखोची बोलणी निघतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. खत-बियाण्यांच्या प्रश्नांत मधूनच एखाद्या माउलीचं पत्र निघतं : ‘पोरगा खेळतो चांगला, पण निवडीत मागं राहतो. हे निवडणारे नेमकं पाहतात तरी काय?’

प्रश्न साधा नाही. बाजारात खोंड घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, दहा पावलं चालवून पाहतो. तरी औताला धरल्याशिवाय त्याचं खरं कळत नाही. माणसाच्या पोराचं तर त्याहून अवघड. म्हणून आज लांबची, अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. खेळ आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही, पण निवडीचा धडा त्यात असा आहे की चावडीवर बसून तासभर बोलावं.

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एका वेळी मैदानात अकरा विरुद्ध अकरा. चढाई करणाऱ्याला चार प्रयत्नांत दहा वार पुढं सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. बचाव करणाऱ्यांनी त्याला अडवायचं. पुढं चार आडदांड गडी, त्यांच्या मागं तिघं मधले, आणि सगळ्यात मागं चार चपळ राखणदार, अशी एक नेहमीची मांडणी. कबड्डीत कोपरारक्षक वेगळा आणि मध्यरक्षक वेगळा, तसंच इथंही. ताकदीचा गडी मागं उभा करून चालत नाही आणि नुसता पळणारा पुढं टिकत नाही.

आता पिट्सबर्ग. पोलादाच्या कारखान्यांचं गाव. तिथला ‘स्टीलर्स’ नावाचा धंदेवाईक संघ आर्ट रूनी यांनी १९३३ साली काढला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तो हरतच राहिला. १९७२ पूर्वी साखळीनंतरच्या बाद फेरीचा सामना त्यांच्या वाट्याला एकदाच आला, १९४७ साली, आणि तोही ते हरले. १९६८ साली चौदा सामन्यांत दोन जिंकले, एक बरोबरीत सुटला.

१९६९ च्या जानेवारीत त्यांनी चक नोल नावाचा सदतीस वर्षांचा प्रशिक्षक आणला. हा गडी बाल्टिमोरच्या संघात बचाव शिकवत होता. आल्या आल्या त्यानं खेळाडूंना बसवून सांगितलं, की तुम्ही हरता ते नशिबानं नाही, तुम्ही चांगले नाही म्हणून हरता, आणि तुमच्यातले बरेचजण इथं राहणार नाहीत. कडू बोल, पण निदान खोटी आशा लावली नाही.

नवे खेळाडू आणायचे कुठून? तिथली रीत अशी, की कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांची दरवर्षी एकदा निवड होते. सगळे संघ पाळीपाळीनं एकेक नाव उचलतात. गेल्या वर्षी जो सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली. ज्याची विहीर आटली त्याला पाटाचं पाणी आधी, असा हा हिशेब १९३६ पासून चालत आला आहे. त्या काळी सतरा फेऱ्या होत. आता सातच होतात.

पण पाळी पहिली असून भागत नाही, उचलायचं कुणाला हे कळावं लागतं. नोलनं १९६९ साली पहिल्या फेरीत जो ग्रीन हे नाव घेतलं. पोरगा टेक्सासमधल्या एका कमी बोलबाल्याच्या कॉलेजातला. पिट्सबर्गच्या लोकांनी ‘हा कोण?’ म्हणून नाकं मुरडली. नोलनं मात्र बाल्टिमोरला असतानाच त्याला हेरून ठेवलं होतं. अंगानं पुढच्या फळीत शोभेल असा, आणि हरणं ज्याला सोसतच नाही असा. त्या वर्षी संघ चौदापैकी एकच सामना जिंकला, आणि तरी नव्या बचावपटूंतला वर्षाचा उत्तम खेळाडू ग्रीनच ठरला. नोलनं चाल बदलली नाही आणि मालकांनी नोल बदलला नाही. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात दुर्मिळ. आपल्याकडे एक हंगाम वाया गेला की पहिला बळी शिकवणाऱ्याचा जातो.

आता खरा माणूस सांगतो. त्याचं नाव बिल नन. हे गृहस्थ प्रशिक्षक नव्हते. ते ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात क्रीडाविभाग सांभाळत. १९५० पासून ते दरवर्षी काळ्या कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंची यादी छापत. दक्षिणेतली मोठमोठी गोरी विद्यापीठं तेव्हा काळ्या पोरांना संघात घेतच नसत. अलाबामासारख्या नावाजलेल्या विद्यापीठाच्या मुख्य संघात पहिला काळा खेळाडू उतरला तो १९७१ साली. मग ही पोरं जायची कुठं? काळ्यांसाठी काढलेल्या लहान, गरीब कॉलेजांत. तिथं मैदानं खडबडीत, गावं आडबाजूची, आणि तिथवर जाणारे हेर थोडे. धंदेवाईक संघांचं लक्ष मोठ्या विद्यापीठांकडे.

नन यांचा स्टीलर्सवर राग होता, की आमच्या गावचा संघ असून आमच्या यादीकडे यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. हे मालकांच्या मुलाच्या, डॅन रूनी यांच्या कानावर गेलं. त्यांनी नन यांना बोलावून घेतलं, आणि वाद घालण्याऐवजी कामावर ठेवलं. १९६७ पासून आधी फावल्या वेळात, मग पूर्ण वेळ. तक्रार करणाऱ्यालाच जबाबदारी देण्याची ही तऱ्हा आपल्या सोसायट्यांनाही मानवेल.

नन यांची पद्धत काय होती? त्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना ते वर्षानुवर्षं ओळखत. पोराचा वेग, वजन तर कळायचंच, पण घर कसं आहे, दुखणं लपवतो का, शिकवलेलं ध्यानात ठेवतो का, हेही कळायचं. आणि पाहायला गेले की दोनदा पाहायचे. जॉन स्टॉलवर्थची गोष्ट तिथं अजून सांगतात. हा चढाईचा खेळाडू, बचावातला नव्हे, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अलाबामातल्या एका कॉलेजात बऱ्याच संघांचे हेर जमले, ओल्या गवतावर पोराला पळवलं, वेळ बेताची आली आणि सगळे निघून गेले. नन यांनी बरं नसल्याचं निमित्त केलं आणि मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी चांगल्या जागेवर पुन्हा पळवलं, तर वेळ झकास. १९७४ साली चौथ्या फेरीत स्टॉलवर्थ स्टीलर्सना मिळाला. घोडा जोखताना रस्ताही पाहावा लागतो, तो असा!

या वाटेनं बचावाची भिंत कशी रचली गेली पाहा. एल. सी. ग्रीनवूड, आर्कान्सातल्या काळ्या कॉलेजातला साडेसहा फुटी गडी, १९६९ साली थेट दहाव्या फेरीत. दोन वर्षं राखीव बसला, मग पुढच्या फळीत कायम. १९७१ साली ड्वाइट व्हाइट चौथ्या फेरीत आणि अर्नी होम्स आठव्या फेरीत. होम्सला पहिल्या वर्षी मैदानात उतरायलाच मिळालं नाही. त्याच वर्षी मधल्या फळीसाठी जॅक हॅम दुसऱ्या फेरीत आणि मागच्या राखणीसाठी माइक वॅग्नर अकराव्या फेरीत. अर्थात दरवर्षी निवडलेल्या पंधरा-वीस पोरांपैकी बहुतेक दोन-तीन वर्षांत घरी गेली, त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पेरलेलं सगळंच उगवतं असं कोण म्हणेल?

मेल ब्लाउंटबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण तो आपल्यातला. जॉर्जिया राज्यात विदालिया म्हणून गाव आहे. आपलं लासलगाव कांद्याच्या बाजारासाठी, तसं हे गाव गोड कांद्यासाठी साऱ्या अमेरिकेत प्रसिद्ध. तिथल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, अकरा भावंडांत धाकटा. लुइझियानातल्या काळ्या कॉलेजात शिकला, १९७० साली तिसऱ्या फेरीत निवडला गेला. उंच, दणकट आणि तरी चपळ. समोरच्या पळणाऱ्या गड्याला तो असा दाबून ठेवी, की १९७८ साली नियमच करावा लागला : पहिल्या पाच वारांनंतर त्याला अडवायला अंगाला हात लावायचा नाही. त्या नियमाला आजही लोक ब्लाउंटच्या नावानं ओळखतात. १९८३ साली त्यानं विदालियात वाट चुकलेल्या पोरांसाठी आश्रयघर काढलं, १९८९ साली दुसरं पेनसिल्व्हानियात.

१९७४ ची निवड सगळ्यांत गाजली. दुसऱ्या फेरीत जॅक लॅम्बर्ट, ओहायोतल्या केंट स्टेटचा. उंच पण हडकुळा. मधल्या फळीच्या मधोमध उभा राहायला वजन कमी, असं सगळे म्हणत. संघाचा हेर पाहायला गेला तेव्हा मैदानात चिखल होता म्हणून सराव खडीच्या वाहनतळावर चालला होता. लॅम्बर्टनं तिथंही झेप घेऊन गडी आडवा केला, उठला, आणि दंडात रुतलेले खडे उपटत जागेवर गेला. वहीत हे लिहिलं गेलं. वजनाचा काटा हे दाखवत नाही. खोंडाचे दात मोजणाऱ्यांसाठी सांगतो, या गड्याचे पुढचे दात शाळेत बास्केटबॉल खेळताना पडले होते!

त्याच वर्षी सव्वीस संघांनी सतरा फेऱ्यांत मिळून ४४२ पोरं निवडली. त्यात डॉनी शेल हे नाव कुठंच नव्हतं. दक्षिण कॅरोलायनातल्या काळ्या कॉलेजात तो मधल्या फळीत खेळे. धंदेवाईक संघात त्या जागेला तो ठेंगणा पडला असता. नन यांना वाटलं, हा मागच्या राखणीत चालेल. निवडीबाहेर राहिलेला म्हणून त्याला सराव शिबिराला बोलावलं. त्या उन्हाळ्यात जुन्या खेळाडूंचा संप होता, १० ऑगस्टपर्यंत. त्यामुळे नव्या पोरांना सरावाला भरपूर जागा मिळाली. शेल संघात राहिला आणि पुढं समोरच्यांचे ५१ चेंडू त्यानं हवेतल्या हवेत पळवले. लॅम्बर्टचंही तसंच. त्याच्या जागेवरचा जुना गडी दुखापतीनं बसला आणि पहिल्याच वर्षी तो नव्या बचावपटूंत अव्वल ठरला. पारख होती हे खरं, आणि दैवानं हात दिला हेही तितकंच खरं.

१२ जानेवारी १९७५ ला न्यू ऑर्लीन्समध्ये अंतिम सामना झाला, समोर मिनेसोटा. व्हाइट न्यूमोनियानं आठवडाभर दवाखान्यात होता, तो उठून खेळायला आला आणि सामन्यातले पहिले दोन गुण त्यानंच मिळवून दिले. ग्रीनवूडनं समोरच्याच्या तीन फेकी हातानं पाडल्या. मिनेसोटाला चेंडू घेऊन पळत साऱ्या सामन्यात अवघे सतरा वार मिळाले. स्टीलर्स १६-६ नं जिंकले, आणि त्या सहा गुणांतही बचावाचा दोष नव्हता. पुढं १९७६, १९७९ आणि १९८० च्या जानेवारीतही तोच चषक आला.

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात देखणं वर्ष हे, ज्यात चषक आला नाही. १९७६ च्या हंगामात पहिल्या पाचांत चार सामने गेले, चेंडू फेकणारा मुख्य गडी जायबंदी झाला. मग बचावानं ठरवलं, की आता गुण द्यायचेच नाहीत. उरलेले नऊच्या नऊ जिंकले. त्या नऊ सामन्यांत मिळून २८ गुण दिले, आणि पाच सामन्यांत समोरच्याला भोपळा.

आता तिकडे निवडीचं शास्त्र झालं आहे. १९८७ पासून दरवर्षी इंडियानापोलिसला निवडक पोरांना बोलावून चाळीस वार पळवतात, १०२ किलोचं वजन किती वेळा उचलतो ते मोजतात, उड्या मोजतात, डॉक्टर सांधे तपासतात. चित्रफिती तर घरबसल्या दिसतात. गोऱ्या विद्यापीठांची दारं उघडली, तेव्हा चांगली काळी पोरं तिकडे जाऊ लागली. हे न्यायाचंच झालं, पण त्यात ती जुनी लहान कॉलेजं मागं पडली.

बिल नन २०१४ साली वारले. ऑगस्ट २०२१ मध्ये खेळातल्या थोरांच्या दालनात त्यांचं नाव लागलं. त्याच महिन्यात डॉनी शेलचंही लागलं, खेळायचं सोडून तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. आणि त्याच वर्षीच्या निवडीत, सातही फेऱ्यांत, काळ्या कॉलेजांतल्या एकाही पोराचं नाव पुकारलं गेलं नाही.