दान की सुटका?

'फुकट मिळतंय ना, मग भांडता कशाला?' मुक्त सॉफ्टवेअरबद्दल असं ऐकलं की आम्हा यवतमाळकरांना शेजारच्या पवनारचे विनोबा आठवावेत. भूदानात कुणी सुपीक वावर दिलं, कुणी नुसता खडक!

पत्रं-हिशोब लिहिण्याच्या ओपनऑफिसचा कोड सन कंपनीने २००० मध्ये खुला केला. २०१० मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली. दिशा कंपनीने ठरवायची की राबणाऱ्यांनी, यावरून बरेच कार्यकर्ते त्याच वर्षी वेगळे झाले. त्यांनी लिब्रेऑफिस उभं केलं. जुनं नाव मागितलं, मिळालं नाही. २०११ मध्ये ओरॅकलने कोड दान केला... तो अपाची फाउंडेशनला!

मंडळी, कसणाऱ्याला डावलून केलेलं हे कसलं दान? लिब्रेऑफिस आज मराठीतही वापरता येतं. ते भांडले, हे बरंच झालं.