शिक्षा नको, शिस्त हवी

दत्तक घेतलेला कुत्रा रात्री घरात लघवी करतो, एवढ्याच कारणावरून त्याला पुन्हा रस्त्यावर सोडण्याचा विचार काही घरांत सुरू होतो. तो चुकीचा आहे. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला घर आणि अंगण यांतला फरक कुणी शिकवलेलाच नसतो.

आधी पशुवैद्याकडून लघवीची तपासणी करून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर नुसत्या शिकवणीने भागत नाही. प्रकृती ठीक असेल, तर जेवणाच्या वेळा ठरवा, झोपण्यापूर्वी बाहेर न्या आणि बाहेर लघवी केल्याबरोबर शाबासकी व खाऊ द्या. तीन महिन्यांच्या पिल्लाला मध्यरात्रीही एकदा न्यावे लागते. पाणी मात्र तोडू नका. घरात लघवी केलेली जागा एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसा. वास उरला, तर कुत्रा पुन्हा तिथेच जातो.

मारणे किंवा लघवीत नाक घासणे ही क्रूरता आहे. त्याने कुत्रा एवढेच शिकतो, की माणसासमोर लघवी करायची नाही. मग तो लपून करतो.

वाचकहो, दत्तक घेताना या काही आठवड्यांच्या कष्टांचीही तयारी ठेवा.