पंचवीस फेऱ्यांची शिदोरी

भोरहून पुणे सुमारे पन्नास किलोमीटर. भोरहून कापूरहोळला यावे, तेथून महामार्गाने कात्रजचा बोगदा ओलांडून शहरात शिरावे, हा नेहमीचा रस्ता. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या खोऱ्यातील माणसे नसरापूरमार्गे महामार्गाला लागतात किंवा पाबे घाट उतरून खडकवासल्याकडून पुण्यात येतात. बाजारहाटासाठी किंवा लग्नकार्यासाठी हे अंतर काहीच नाही. परंतु घरातील एखाद्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार सांगितले गेले, की याच रस्त्याचे गणित बदलते. आठवड्यातून पाच दिवस आणि साधारण पाच आठवडे, अशा बहुधा पंचवीस फेऱ्या होतात. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटरांचा हा प्रवास थकलेल्या शरीराने करावयाचा असतो.

या उपचारांना गावोगावी ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात. गर्भाशयमुख, गर्भाशय, गुदाशय, मूत्राशय आणि पुरुषांतील प्रोस्टेट या ओटीपोटातील अवयवांच्या कर्करोगात ते वारंवार द्यावे लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिलेले किरण आणि त्यानंतर आतून दिले जाणारे किरणोपचार, म्हणजे ब्रॅकीथेरपी, मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावेत, असा जगभरातील डॉक्टरांचा आग्रह असतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या रोगपेशींना पुन्हा वाढण्यास अवधी मिळतो आणि रोग आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. जुलाबाने गळून गेल्यामुळे, एस.टी. चुकल्यामुळे किंवा घरी स्वयंपाकाला कोणी नाही म्हणून बुडालेला दिवस उपचाराच्या फळातून वजा होतो. म्हणून रुग्णाची सोय पाहणे हे लाड नव्हेत. तो उपचाराचाच भाग आहे. आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याला स्थान आहे. आजारी माणसाची सेवा त्यात येते, आणि या आजारात ती सेवा पहिल्या फेरीच्या आधीच सुरू व्हावी लागते.

पहिला निर्णय मुक्कामाचा. पंचवीस दिवस रोज ये-जा करण्यापेक्षा सोमवार ते शुक्रवार पुण्यात नातलगांकडे, साधर्मिकांच्या घरी किंवा धर्मशाळेत राहून शनिवारी गावी परतणे बहुतेकांना सोसते. पावसाळ्यात, जेव्हा वेल्ह्याच्या घाटवाटा बेभरवशाच्या होतात, तेव्हा तर हाच मार्ग शहाणपणाचा. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार घेता येतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. त्यासाठी शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवून, उपचार ठरण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. राज्य परिवहनाच्या गाडीत स्त्रियांना अर्धे तिकीट लागते, हेही हिशेबात धरावे.

दुसरा निर्णय वेळेचा. उपचारापूर्वी सी.टी. स्कॅन करून किरणांची आखणी होते आणि त्वचेवर बारीक खुणा करतात. त्या पुसू नयेत. याच भेटीत यंत्रावरची वेळ मागून घ्यावी. याचे कारण श्राविकांनी विशेष ध्यानात घ्यावे. अनेक केंद्रांत किरण देताना मूत्राशय भरलेले आणि मलाशय रिकामे लागते. भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलते आणि आतडे किरणांपासून काहीसे दूर राहते. त्यासाठी आधी लघवी करून सांगितले असेल तेवढे पाणी प्यावे आणि ठरलेला वेळ थांबावे लागते. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीची पाळी संध्याकाळी सातला लागली, तर ती पाणी पिणार कशी? सकाळची किंवा दुपारची वेळ मिळाली की हा प्रश्न उद्भवतच नाही. उकळून गार केलेले पाणी घरूनच न्यावे, मात्र ते प्रवासात न पिता केंद्रावर पोहोचल्यावर प्यावे. भरल्या मूत्राशयाने कात्रजच्या वाहतुकीत अडकण्यासारखी दुसरी यातना नाही.

किरणांबरोबर आठवड्यातून एकदा औषधाचे इंजेक्शन असेल, तर मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी भरपूर पाणी पोटात जावे लागते. म्हणून या काळात उपवास, आयंबिल वा निर्जल तप परस्पर धरू नये. प्रत्याख्यानात आगार ठेवण्याची परंपरा मुळातच अशा प्रसंगांसाठी आहे. गुरुमहाराजांपुढे आजार मोकळेपणाने सांगून मार्गदर्शन घ्यावे. पुढे ढकललेले तप बरे झाल्यावर करता येते; बुडालेली मात्रा मात्र तशी भरून निघत नाही.

त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. पातळ शौच, पोटात मुरडा, लघवीची जळजळ आणि गाढ थकवा ही त्याची रूपे. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत तो बहुतेकांना ओसरतो. आहारात पहिल्या दिवसापासून मोठे फेरफार करू नयेत. आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जुलाब सुरू झाले की मटकीची उसळ, कच्ची कोशिंबीर, मिरची आणि तळण काही दिवस दूर ठेवावे. मऊ भात, सालीविना मुगाचे वरण, भाताची पेज, पिकलेले केळे, सोसत असेल तर ताक-भात हे पदार्थ सुखाचे ठरतात. रुग्णालयाच्या तक्त्यात बटाटा व गाजर असले, तरी कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांना दुधी, दोडका, पडवळ यांची मऊ भाजी चालते. जुलाबावरची गोळी आणि क्षार-साखरेचे पाणी कधी घ्यावे, हे डॉक्टरांकडून पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावे.

कपडे सैल आणि सुती असावेत. घट्ट नाडीचा परकर आणि रुतणारे इलॅस्टिक टाळावे. किरणांच्या जागी कोमट पाण्याने हलकेच धुऊन, न घासता टिपून कोरडे करावे. हळदीचा लेप, तेल, पावडर, बाम, शेकण्याची पिशवी यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याविना लावू नये. प्रवासाच्या पिशवीत जादा परकर, मऊ टॉवेल, पॅड, एक रिकामी पिशवी आणि पाण्याची बाटली नेहमी भरून ठेवावी. नेमकी लाज वाटण्याची वेळ येते तेव्हा ही पिशवीच अब्रू राखते.

घरातल्यांनी काही गैरसमज आधीच दूर करावेत. किरण देताना वेदना होत नाहीत. काही मिनिटे खोलीत एकटे पडून राहावे लागते, पण बाहेरून कर्मचारी सतत पाहत असतात आणि बोलू शकतात. बाहेरून किरण घेऊन आलेल्या आईच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवंडांना तिच्या कुशीत झोपण्यास कोणतीही आडकाठी नाही. तिचे ताट वेगळे करणे हा अज्ञानातून घडणारा अन्याय आहे. तरुण स्त्रीने पुढील अपत्याचा प्रश्न उपचारापूर्वी विचारला पाहिजे, कारण या किरणांनी बीजकोशांचे कार्य थांबू शकते. उपचारानंतर योनिमार्ग आक्रसू नये म्हणून डायलेटर नावाचे साधन वापरावयास सांगतात. संकोचापायी ही सूचना अनेकदा ऐकलीच जात नाही. स्त्री डॉक्टरांशी वा परिचारिकेशी एकांतात बोलण्याची सवड मागावी, आणि पतीनेही हे समजून घ्यावे.

शास्त्रही याच सोयीचा विचार करीत आहे. टाटा स्मारक केंद्राने २०११ ते २०१९ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांवर अभ्यास केला. जुन्या पद्धतीच्या किरणांनंतर तीन वर्षांत शंभरांपैकी सुमारे ४२ जणींना आतड्यांचा लक्षणीय त्रास झाला. रोजच्या चित्रणाच्या आधारे नेमके किरण देणाऱ्या नव्या पद्धतीत तो सुमारे २१ जणींपुरता राहिला. आपल्या केंद्रात कोणती पद्धत आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे.

ताप १००.४ अंशांवर गेला, शौचातून रक्त आले, लघवी अडली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. उपचार संपून महिने लोटल्यावर रक्तस्राव झाला, तरी ‘आता काय व्हायचे’ म्हणून तो अंगावर काढू नये.

शेवटी प्रश्न माणसांचा. पंचवीस दिवस एकाच मुलाला दुकान बंद ठेवता येत नाही आणि एकाच सुनेला सारे झेपत नाही. भोरच्या बाजारपेठेतील चार घरांनी वार वाटून घेतले, एकाने सोबत जावे, दुसऱ्याने सूर्यास्तापूर्वीचा डबा पोहोचवावा, तिसऱ्याने घरातील म्हाताऱ्यांकडे पाहावे, तर पंचविसावी फेरीही ठरल्या दिवशी पूर्ण होते.