विश्लेषण : शांतिसैनिकांनी गोळी कधी झाडायची?

पुलवामा येथील १४ फेब्रुवारी २०१९ च्या हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्याने दोन जवान गमावले : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. वर्दीची किंमत या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. इथला तरुण सैन्यात गेला, तर उद्या त्याची नेमणूक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, काँगो किंवा दक्षिण सुदानमध्येही होऊ शकते. तिथे डोळ्यांसमोर एखाद्या गावावर हल्ला झाला, तर त्याने काय करायचे? हे न्यूयॉर्कमधील सुरक्षा परिषद ठरवते. अनेकदा अर्धवटच ठरवते.

बॉस्नियात काय घडले?

पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले प्रमुख होते मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मार्च १९९२ ते मार्च १९९३ ही त्यांची कारकीर्द. सेना पाठवली होती क्रोएशियातील शस्त्रसंधी टिकवण्यासाठी. युद्ध मात्र बॉस्नियात भडकले. ते परतल्यावर परिषदेने स्रेब्रेनित्सासह सहा ‘सुरक्षित क्षेत्रे’ जाहीर केली. त्यासाठी ३४ हजार सैनिक लागतील, असे सांगण्यात आले होते. मंजूर झाले ७,६००. ठरावाची भाषाही तशीच : हल्लेखोरांना ‘परावृत्त’ करा. ‘रक्षण करा’ असे त्यात नव्हते. जुलै १९९५ मध्ये डच शांतिसैनिक तिथे असतानाच आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे वेगळे काढून मारण्यात आले.

मग नियम बदलले का?

कागदावर बदलले. ऑक्टोबर १९९९ मध्ये सिएरा लिओनसाठीच्या ठराव १२७० ने नागरिकांना वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार प्रथमच स्पष्ट शब्दांत दिला. त्या सेनेचे प्रमुखही भारतीयच, मेजर जनरल विजयकुमार जेटली. पुढे बहुतेक मोठ्या मोहिमांना हा अधिकार मिळाला. तरीही संयुक्त राष्ट्रांच्याच २०१४ च्या अंतर्गत तपासणीत आढळले की नागरिकांवरील हल्ल्यांच्या ५०७ घटनांपैकी केवळ १०१ वेळा तातडीने प्रतिसाद दिला गेला. प्रत्यक्ष बळाचा वापर तर जवळजवळ नाहीच.

याचा दोष एकट्या सैनिकावर टाकणे सोपे आहे. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानच्या अकोबो येथील छोट्या तळावर सुमारे दोन हजार सशस्त्र लोक चालून आले. आत मोजके भारतीय जवान आणि आश्रयाला आलेले नागरिक होते. दोन भारतीय जवान शहीद झाले, नागरिकही मारले गेले. एवढ्या संख्येपुढे ‘परवानगी’ असून काय उपयोग?

भारताची भूमिका योग्य, पण...

सैन्य देणाऱ्या देशांना ठराव लिहितानाच विचारा, ही भारताची जुनी मागणी रास्त आहे. जीव आपल्या जवानांचे जातात, मसुदा इतर लिहितात. मात्र जबाबदारी स्वीकारल्यावर ‘आधी मायदेशी विचारतो’ ही कोणत्याही तुकडीची सवय परवडणारी नाही. हल्लेखोर उत्तराची वाट पाहत थांबत नाहीत.

बळाने सगळे सुटते, असेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शांतिसेना असूनही काँगोतील गोमा शहर ‘एम २३’ बंडखोरांनी घेतले. पुढच्या वर्षी आक्रमक कारवाईचा अधिकार असलेली खास ब्रिगेड आली आणि काँगोच्या सैन्यासोबत तिने काही महिन्यांत बंडखोरांना हरवले. राजकीय तोडगा मात्र टिकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोमा पुन्हा त्यांच्याच हाती गेले.