झळाळी व निर्मळपणा

गृहिणीची परीक्षा मांडणीवरील भांड्यांवरून करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. भांडीं लखलखीत, तर घर चांगलें, असा लोकांचा समज. या समजांत तथ्य आहे. परंतु प्रत्येक धातूची झळाळी एकाच उपायानें येते, व ती जितकी अधिक तितकी स्वच्छता अधिक, असें मानणें हा भ्रम होय. या भ्रमाचें मोल भांड्यास आणि तें घांसणाऱ्या हातांस द्यावें लागतें, असें आमचें मत आहे.

कुंडलच्या विद्यार्थ्यांस पहिलें उदाहरण शोधण्यासाठीं दूर जावयास नको. औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या येथील माळावर १९१० सालीं कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपला कारखाना वसविला, आणि तेथील लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. नांगराचा फाळ कोणी घांसून चकचकीत करीत नाहीं. तो जमिनींत चालला कीं आरशासारखा होतो. कोपऱ्यांत पडला कीं गंजतो. ही झळाळी श्रमाची.

पितळेचें तसें नाहीं. पितळी तांब्या चिंचेनें व राखेनें घांसला कीं सोन्यासारखा दिसतो. चार दिवस तसाच ठेविला कीं काळवंडतो. ही झळाळी वारंवार घांसण्याची. तथापि पितळ आंतून उघडें राहिल्यास ताक, आमटी कळकते; म्हणून आंत कथलाची कल्हई लावण्याची रीत पडली. म्हणजे बाहेरची चकाकी आणि आंतला निर्धोकपणा हे प्रश्न आपल्या पूर्वजांनींहि वेगळेच मानिले होते.

तिसरा धातु ॲल्युमिनियम. पुष्कळ घरांत त्यास ‘जर्मन’ म्हणतात. त्याचें बॉक्साइट हें खनिज शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील डोंगरपठारांवर सांपडतें. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या साहाय्यानें हा धातु स्वस्तांत काढण्याची एकच रीत शोधिली. हिंदुस्थानांत त्याचीं भांडीं करण्याचा उद्योग १८९८ सालीं मद्रास येथें आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं सुरू केला.

या धातूचा गुण असा, कीं हवा लागतांच त्यावर त्याच्याच भस्माचा एक पारदर्शक थर चढतो. हा थर केसाच्या जाडीच्या सुमारें दहा हजाराव्या भागाइतका पातळ. तरी तोच खालच्या धातूचें रक्षण करितो. लोखंडाचा गंज लोखंडास खातो. ॲल्युमिनियमचें भस्म ॲल्युमिनियमचें चिलखत होतें. आपण मात्र वाळू, राख किंवा तारेची घांसणी घेऊन हें चिलखत ओरबाडतों. लागलीच नवा थर येतो, परंतु प्रत्येक वेळीं थोडा धातु मोरींत वाहून जातो. राखेंतील व धुण्याच्या सोड्यांतील क्षार तर हा थर विरघळवितात आणि भांडें काळें पडतें. मग तें काळेपण काढण्यास पुन्हां तीच राख!

यास्तव या भांड्यांस साधा साबण, कोमट पाणी व मऊ काथ्या एवढेंच पुरे. पाणी उकळून आंत काळपटपणा आल्यास लिंबाची फोड अगर थोडी चिंच घालून पाणी दहा मिनिटें उकळावें. तो निघून जातो. परंतु जें आम्ल काळेपणा काढितें तेंच धातूसहि थोडें विरघळवितें. म्हणून आंबट आमटी, ताक, लोणचें यांचा मुक्काम या भांड्यांत नसावा. चुलीवर चढविण्यापूर्वीं बुडास बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप दिला, तर काजळी मातीबरोबर निघते व घांसण्याचे कष्ट वांचतात.

ज्यांस केवळ शोभेसाठींच चकाकी हवी, त्यांचाहि अनुभव हेंच सांगतो. अमेरिकेंत ‘एअरस्ट्रीम’ नांवाचीं, मोटारीमागें ओढावयाचीं ॲल्युमिनियमचीं फिरतीं घरें १९३० नंतरच्या दशकापासून बनत आलीं आहेत. हौशी मालक जुन्या घराचा पत्रा आधीं जाड व मग बारीक लेपानें घांसून आरशासारखा करितात. परंतु उघडा पत्रा पुन्हां मंद होतो. म्हणून पुढें पत्र्यावर पारदर्शक लेप चढविण्याची रीत आली, व त्यास सौम्य साबणानें धुणें एवढेंच काम उरलें. झळाळी ओरबाडून टिकत नाहीं, सांभाळून टिकते.

आतां पालकांस एक विनंती. सकाळीं भांड्यांच्या ढिगापाशीं बहुधा मुलगीच बसलेली असते, आणि तिचा भाऊ पुस्तक घेऊन ओसरीवर. दोघांची परीक्षा एकच असतां हा भेद न्यायाचा नव्हे. मुलानेंहि आपलें ताट व तांब्या स्वतः घांसावा. आणि जर्मनच्या पातेल्यावर तोंड दिसलें नाहीं म्हणून मुलीस पुन्हां मोरीवर बसवूं नये. त्या वाचलेल्या अर्ध्या तासांत तिचा धडा होईल.

प्याला व ताट बाहेरून साफ करून आंतली मलिनता तशीच ठेवणाऱ्यांस प्रभु येशूनें दिलेला इशारा आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. तो भांड्यांसाठीं नव्हे, माणसांसाठीं होता. विद्यार्थीबंधुभगिनींनो, पातेलें मंद दिसलें तरी चालेल. तें आंतून निर्मळ असावें, आणि तें निर्मळ करण्यांत घरांतील सर्वांचे हात लागलेले असावेत.